खाडी आहे, शीड नाही

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला उतरून माणिकपूर नाक्याकडे चालू लागलेल्या माणसाला आपण पाण्याने वेढलेल्या प्रदेशात आलो आहोत, हे जाणवण्याचे काही कारण आता उरलेले नाही. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख आणि पश्चिमेला अरबी समुद्र, असा हा भूभाग. परंतु इमारती, रिक्षा, शिकवण्यांचे फलक आणि वाहनांची रीघ यांच्या मागे ते पाणी दडून गेले आहे. माणिकपूरच्या मुलीला खाडी दिसते ती बहुधा दिवसातून दोन वेळा, नायगाव आणि भाईंदर यांच्या मधल्या पुलावरून लोकल धडधडत जात असताना, आणि तीही समोर उभ्या असलेल्या बाईच्या खांद्यावरून. पाण्याशी या गावाचा एवढाच संबंध शिल्लक राहावा, ही गोष्ट साधी नाही. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांनी वसईचा कोट बांधून वाढवला तो समुद्रासाठी. येथील सागवानी जहाजांना त्या काळी नाव होते. आणि चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात कोट जिंकल्यावर पेशव्यांच्या आरमाराचा एक तळही येथे होता. आज त्याच वसईत हजारो मुली शाळा-महाविद्यालयांतून शिकतात, क्रिकेट, कॅरम, कराटे, नृत्य यांचे वर्ग त्यांच्यासाठी चालतात. पण शिडाच्या होडीचे सुकाणू हाती धरून वारा कोठून येतो हे पाहण्याची संधी त्यांपैकी कोणालाही आपल्या गावात मिळत नाही.

यावर एक उत्तर लगेच तयार असते. भारतीय स्त्रीने समुद्र केव्हाच जिंकला, असे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १० सप्टेंबर २०१७ रोजी त्या गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, गोव्यालाच परतल्या. सुमारे २१,६०० सागरी मैलांचा तो प्रवास होता. ‘तारिणी’ बांधली गेली तीही गोव्यातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. त्याच नौकेवरून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पुन्हा एकदा पृथ्वीला वळसा घातला. सहा जणींनी केलेले काम दोघींनी करणे म्हणजे काय, हे ज्याला रात्रभर आळीपाळीने जागावे लागले आहे त्यालाच कळेल. त्यानंतर ११ सप्टेंबर २०२५ रोजी तिन्ही सेनादलांतील दहा स्त्री अधिकारी ‘त्रिवेणी’ या नौकेवरून मुंबईहून निघाल्या, त्यांच्या प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर. याही आधीचे एक नाव आहे. स्पर्धा-परीक्षांच्या मार्गदर्शकांत शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली भारतीय स्त्री कोण, या प्रश्नापुढे उज्ज्वला पाटील आणि १९८८ असे उत्तर छापलेले असते. विद्यार्थी ते पाठ करतात, एक गुण मिळवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. शीड म्हणजे काय, हे त्यांना त्या उत्तरातून कळत नाही आणि कळावे अशी कोणाची अपेक्षाही नसते.

या पराक्रमांचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की, शिखर दिसते आहे आणि पायथा मात्र बांधलेलाच नाही. ‘तारिणी’वरील सहा जणींची गावे पाहिली तर एक मजेदार गोष्ट लक्षात येते. स्वतः जोशी आणि पायल गुप्ता उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या, विजयादेवी मणिपूरच्या. ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. समुद्रकाठच्या शहराची म्हणावी अशी एकटी विशाखापट्टणची स्वाती. म्हणजे सहापैकी चौघी डोंगरांतून आलेल्या. समुद्र रक्तात असावा लागतो, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने म्हटले जाते. त्या म्हणण्याला याहून चोख उत्तर शोधूनही सापडणार नाही. रक्तात काही नसते. नौदलाने त्यांना होड्या दिल्या, कॅप्टन दिलीप दोंदे यांच्यासारखा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेला शिक्षक दिला, शिकण्याच्या काळात पगार दिला आणि चुका करायला वेळ दिला. ज्यांना हे मिळाले त्या हिमालयाच्या पायथ्याहून येऊन केप हॉर्नला वळसा घालून गेल्या. ज्यांना मिळाले नाही, त्या समुद्रापासून चार कोसांवर राहून पुलावरून खाडी पाहत कचेरीला जातात.

येथे साहसाचा प्रवास आणि क्लबातली साधी शर्यत यांत भेद करायला हवा, कारण या दुसऱ्या गोष्टीची आपल्याकडे किंमतच ओळखली गेलेली नाही. पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या स्त्रिया फार थोड्या असणार आणि त्या तशाच असाव्यात. परंतु जगात जेथे जेथे शिडाच्या होड्यांचा खेळ रुजला आहे, तेथे त्याचा खरा आधार म्हणजे आठवड्याच्या सुट्टीला होणारी हौशी शर्यत. दहा-बारा लहान होड्या, पाण्यात टाकलेली तीन बोये, काठावर एक घड्याळ आणि निशाण घेऊन बसलेला कार्यवाह, एवढ्यावर ती भागते. बक्षीस म्हणजे फार तर एक चषक, तोही दरवर्षी परत करायचा. पण आत्मविश्वास ज्याला म्हणतात तो घडवण्याची जी सोय या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रकारात आहे, ती मोठमोठ्या शिबिरांत आणि व्याख्यानमालांत नाही.

याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन करून ती एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला, अशी नागमोडी वाट काढत वर चढते. वळायचे केव्हा, हे ठरवावे लागते. आणि ते सुकाणूवर बसलेल्या माणसानेच ठरवायचे असते. वारा किंचित फिरला, पुढे पाण्यावर काळसर झुळूक दिसली, ओहोटीचा ओढ मधल्या प्रवाहात जास्त आणि काठाला कमी आहे हे ध्यानात आले, की मनाशी हिशेब करून होडी वळवायची. हिशेब चुकला तर पाच मिनिटांत कळते, कारण शेजारची होडी पुढे गेलेली दिसते. कोणी रागवावे लागत नाही, कोणी समजूत घालावी लागत नाही. सहलीला निघालेल्या होडीत बसलेली स्त्री प्रवासी असते आणि दहा वर्षे बसली तरी प्रवासीच राहू शकते. शर्यतीत मात्र न ठरवणे हाही एक निर्णयच ठरतो आणि त्याची किंमत तत्काळ मोजावी लागते. शिवाय ही किंमत अगदी लहान असते. शेवटचा क्रमांक आला तर आला. पुढच्या रविवारी तेच पाणी, त्याच होड्या आणि बरोबरीचेच लोक असतात. चूक करण्याची इतकी स्वस्त आणि इतकी नियमित मुभा आपल्या समाजात स्त्रीला दुसरीकडे कोठे मिळते, याचा विचार करण्यासारखा आहे. स्वयंपाकघरात मिळत नाही, नोकरीत मिळत नाही आणि सासरी तर मुळीच मिळत नाही.

या खेळाच्या नियमांचेही एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. साध्या क्लबाच्या शर्यतीत पाण्यावर पंच नसतो. ज्या होडीला वारा उजव्या अंगाने लागतो तिला, डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीने वाट द्यायची. दोघींनाही एकाच अंगाने वारा असेल तर वाऱ्याकडच्या बाजूच्या होडीने बाजूला व्हायचे. ज्याने नियम मोडला त्याने स्वतःच आपली होडी दोनदा गरकन फिरवून शिक्षा भोगायची. त्याने ती भोगली नाही, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तेथल्या तेथे मोठ्याने हरकत पुकारायची. न पुकारली तर नंतर तक्रार ऐकली जात नाही. आता मोठ्याने बोलू नये, वाट द्यावी, सांभाळून घ्यावे, हेच जिला लहानपणापासून शिकवले गेले आहे, त्या मुलीच्या दृष्टीने या नियमाचा अर्थ काय होतो? समोरून वेगाने येणाऱ्या होडीतला वडीलधारा गृहस्थ वसईतला कितीही प्रतिष्ठित असो, हक्क तिचा असेल तर तिने आपली वाट धरून जायचे आणि हाक देऊन त्याला सांगायचे की, बाजूला व्हा. पहिल्या दोन-चार वेळा तिचा आवाज फुटत नाही, आणि हक्काची असूनही ती होडी वळवते. एके दिवशी ती वळवत नाही. समोरचा गृहस्थ कुरकुरत बाजूला होतो आणि शर्यत संपल्यावर तिच्याच शेजारी बसून चहा पितो. स्त्रियांच्या हक्कांवरची कित्येक भाषणे जे साधू शकत नाहीत, ते असे एका दुपारी साधले जाते. नियम मोडला तर कबूल करून स्वतः फिरून येण्याची सवय पुरुषांनाही लागते, हा वरचा लाभ; आपल्या सार्वजनिक जीवनाची एकंदर अवस्था पाहता तोही थोडका म्हणता येणार नाही.

होडीत दोघे असतील तर सुकाणू कोणाच्या हाती, हा खरा वादाचा मुद्दा आहे. जेथे क्लब आहेत तेथेही अनुभव असा की, नवरा-बायको एका होडीत बसले म्हणजे नवरा मागे सुकाणूवर आणि बायको पुढे लहान शिडाच्या दोरीवर, ही वाटणी न विचारता होऊन जाते. मग नवरा ओरडतो आणि बायको दोर ओढते. मोटार शिकवण्याच्या निमित्ताने जी भांडणे घराघरांत होतात, त्यांचीच ही पाण्यावरची आवृत्ती. पुढे बसणारी स्त्री खूप शिकते, पण निर्णय शिकत नाही. म्हणून ज्या क्लबांना स्त्रियांनी या खेळात यावे असे मनापासून वाटते, त्यांनी तिला लवकरात लवकर एकटीच्या होडीत बसवावे किंवा सुकाणू दर शर्यतीला आलटून-पालटून द्यावे. स्त्रियांसाठी निराळे वर्ग असावेत काय, या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीपुरते होय असेच आहे. पोहता न येणारी, पाण्याला भिणारी, ओल्या कपड्यांत परक्यांसमोर वावरण्याची सवय नसलेली स्त्री पहिले धडे आपल्यासारख्याच चौघींबरोबर मोकळेपणी घेईल. पण शर्यत एकत्रच हवी. महिला दिनाला फिती कापून एक शर्यत घ्यायची, सगळ्यांना पुष्पगुच्छ द्यायचे आणि वर्षभर होड्यांवर ताडपत्री घालून ठेवायची, हा प्रकार आपल्याकडे सहज होऊ शकतो, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

स्त्रीच्या अंगात तेवढे बळ नसते, हा आक्षेप या खेळात फारसा टिकत नाही. १९७० च्या सुमारास ब्रूस किर्बी यांनी आखलेली आणि ‘लेझर’ या नावाने जगभर पसरलेली एकट्याची होडी घ्या. तिचे बूड एकच, पण त्यावर तीन निरनिराळ्या आकारांची शिडे चढवता येतात. सुमारे सात चौरस मीटरचे, पावणेसहाचे आणि पावणेपाचाचे. वजन आणि ताकद पाहून शीड निवडायचे. मुलांसाठीची ‘ऑप्टिमिस्ट’ ही फ्लॉरिडातील क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली आखलेली होडी तर अवघी २.३ मीटर लांब, एखाद्या पेटीसारखी. आठ वर्षांची मुलगी ती चालवू शकते. हिवाळ्यातल्या मंद वाऱ्यात हलके माणूस जड माणसाच्या पुढे निघून जाते, हा तर रोजचा अनुभव. ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या होडीतून सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात हेलेन द पूर्तालेस ही स्त्री होती, ती १९०० साली. तरीही स्त्रियांसाठी स्वतंत्र शर्यत ऑलिम्पिकमध्ये यायला १९८८ साल उजाडले आणि या खेळात भारतीय स्त्री ऑलिम्पिकला पोहोचली ती त्यानंतर तेहतीस वर्षांनी, २०२१ मध्ये, टोकियोला. चेन्नईची नेत्रा कुमनन तेथे पस्तिसावी आली आणि २०२४ मध्ये पॅरिसला एकविसावी. तीन वर्षांत चौदा पायऱ्या चढणे ही गोष्ट पदकांच्या गदारोळात कोणाच्या लक्षात आली नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत काय केले? उत्तर सुखावह नाही. राज्याला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, असे शाळेत शिकवतात. अलीकडच्या बारकाईच्या मोजणीत तो आणखी वाढला आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे आणि परकीय राजवटीत तेथे भारतीयांना सभासदत्व नव्हते. १९८२ च्या आशियाई खेळांतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती दिल्लीला शक्य नव्हत्या म्हणून मुंबईच्या बंदरात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी तेथे ‘फायरबॉल’ प्रकारात सुवर्णपदक मिळवले. २०१८ च्या आशियाई खेळांत वर्षा गौतम हिच्याबरोबर श्वेता शेर्वेगार या मुंबईच्या मुलीने रौप्यपदक पटकावले. पण हे सारे गेटवे आणि कुलाब्याच्या परिसरातले. सेनादले, जुने क्लब आणि ज्यांच्या घरी ही परंपरा आहे अशी कुटुंबे, यांच्या पलीकडे हा खेळ सरकला नाही. मांडव्याला अलीकडे खासगी शिक्षणाची सोय झाली, तिचे शुल्क माणिकपूरच्या नोकरदार घराच्या आवाक्याबाहेरचे. एन.सी.सी.च्या नाविक विभागात मुलींना ‘एंटरप्राइज’ होडीवर बसायला मिळते, पण ते ज्या महाविद्यालयांत तो विभाग आहे तेथेच, आणि महाविद्यालय सुटले की संपते.

आता इतर राज्ये पाहा. मध्य प्रदेशाला समुद्र नाही. तरीही भोपाळच्या मोठ्या तलावावर सरकारने शिडाच्या होड्यांची शाळा चालवली आणि तेथून देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत रौप्यपदक घेऊन आली. हैदराबादला समुद्र नाही. हुसेनसागराच्या पाण्यावर तेथल्या यॉट क्लबाने सरकारी शाळांतली, झोपडवस्त्यांतली मुले-मुली आणून बसवली आणि ती राष्ट्रीय स्पर्धांत श्रीमंत क्लबांच्या मुलांच्या पुढे जाऊ लागली. हुसेनसागराचे पाणी काही गंगाजळ नाही. तळी असलेल्या राज्यांनी नावाडी घडवावेत आणि समुद्र असलेल्या राज्याने समुद्रकिनाऱ्यावर उंटाच्या फेऱ्या आणि मोटारीच्या पाण्यातल्या स्कूटर चालवाव्यात, ही परिस्थिती खेदाची आहे.

वसईची खाडी या कामाला योग्य आहे काय, हा प्रश्न रास्त आहे. सरसकट होय म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरांच्या आसपास जातो, ओहोटीचा ओढ जबर असतो, पाणी उतरले की दोन्ही काठांना चिखल उघडा पडतो आणि खाडीच्या मुखाशी लाटा फुटतात. शहराचे सांडपाणीही या पाण्यात येते आणि त्याची तपासणी व बंदोबस्त केल्यावाचून लहान मुलांना तेथे उतरवता येणार नाही. दुसऱ्या बाजूने, खाडी रुंद आहे आणि मुखाच्या आत आडोसा आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत सकाळी मतलई वारा आणि दुपारी खारा वारा असे जवळजवळ घड्याळ लावल्यासारखे येणारे वारे आहेत. भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या दिवसांत, दुपारी तीनच्या सुमारास येथे नवशिक्यांची शर्यत निर्धोक घेता येईल. ही वेळ आणखी एका कारणाने सोयीची आहे. रविवारी सकाळी घरच्या बाईला सुट्टी नसते. तिची रविवारची सुट्टी, असलीच तर, जेवणाची भांडी आवरल्यावर सुरू होते. वारा आणि चूल यांचे वेळापत्रक असे सहसा जुळत नाही.

या खाडीची सर्वांत मोठी संपत्ती मात्र निराळीच आहे. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळीवाड्यांत अजून असे वृद्ध तांडेल भेटतात, की ज्यांनी लहानपणी शिडावर चालणारा मचवा पाहिला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत होड्यांना इंजिने आली आणि शिडे उतरली. ते योग्यच झाले, कारण ज्याचे पोट त्यावर अवलंबून आहे त्याने वाऱ्याची वाट पाहत का बसावे? पण ढगांवरून वारा ओळखणे, पाण्याच्या रंगावरून तळ ओळखणे, तिथीवरून भरतीची वेळ सांगणे हे ज्ञान अजून पुरते बुडालेले नाही. कोळीवाड्यातली श्रमविभागणीही येथे आठवण्यासारखी आहे. दर्यात पुरुष गेला आणि बाजारात बाई गेली. माशांचा भाव करणारी, पैसा हाती ठेवणारी, गिऱ्हाईकाला तोंडावर उत्तर देणारी कोळीण कोणापुढे दबते, असे कोणी म्हणणार नाही. पण होडीवर तिची जागा नाही. वसईच्या वाडवळ, सामवेदी घरांतल्या बायका भाजी, फुले, केळी यांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठत आल्या. हरित वसईच्या आंदोलनात याच स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. स्थानिक स्त्रीच्या अंगी धीर नाही, असे म्हणण्याची सोय येथे नाही. गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये वसई रोडला जी चढते, तिला शर्यतीच्या प्रारंभरेषेवर ऐन क्षणी पोहोचण्याचा अंदाज नव्याने शिकवावा लागणार नाही! धीर आहे, अंदाज आहे. तो पाण्यावर लावून पाहण्याचे साधन तेवढे नाही.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे म्हणणारे भेटतील. पाण्याची टंचाई, खड्डे, गाड्यांची गर्दी ही दुखणी असताना होड्या कसल्या मागता, असेही विचारले जाईल. हा आक्षेप वजनदार आहे, पण तो नाट्यगृहाला, वाचनालयाला आणि क्रिकेटच्या मैदानालाही तेवढाच लागू पडतो आणि त्या वेळी तो कोणी घेत नाही. शिवाय जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याच्या वस्त्या पाण्यात बुडाल्या आणि रेल्वे बंद पडली, तेव्हा पाण्याशी परिचय ही चैन नाही हे सर्वांनी पाहिले. ज्या शहराला खाडी, समुद्र आणि पावसाळा या तिघांशी जन्मभर वागायचे आहे, त्या शहरातल्या निम्म्या माणसांना पोहता येऊ नये, तरंगजाकीट कसे बांधावे हे ठाऊक नसावे आणि उलटलेली होडी सरळ कशी करावी हे पाहायलाही मिळू नये, याला काटकसर म्हणत नाहीत. शिडाच्या होडीच्या शिक्षणाचा पहिला धडाच मुळी होडी मुद्दाम उलटवून, तिच्या तळातल्या फळीवर उभे राहून, तिला पुन्हा सरळ करण्याचा असतो. तो धडा घेतलेल्या माणसाची पाण्याविषयीची भीती जात नाही, पण तिला आकार येतो. कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, हे कळते.

खर्चाचे म्हणाल तर या खेळाला इमारत लागत नाही. नेमकी हीच अडचण होण्याचा संभव आहे, कारण इमारत नसलेल्या योजनेत आपल्याकडे कोणाला रस वाटत नाही. क्लब म्हटले की आधी सभागृह, मग उपाहारगृह, मग ते लग्नाला भाड्याने, आणि होड्या मागच्या अंगणात कुजत, अशी उदाहरणे इतर खेळांत पुष्कळ आहेत. येथे लागेल ती पाण्यात उतरणारी एक उतरंड, होड्यांसाठी पत्र्याची एक शेड, एक मोटारहोडी बचावासाठी, आणि स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची बंदिस्त जागा व स्वच्छतागृह. या शेवटच्या दोन गोष्टी यादीत सहसा शेवटी येतात आणि खर्चात काटछाट करताना पहिल्यांदा उडतात. त्या उडाल्या तर बाकीचे सर्व केले तरी मुली येणार नाहीत, हे महापालिकेच्या अभियंत्यांनी लिहून ठेवावे. होड्या सभासदांच्या नसून संस्थेच्या असाव्यात, म्हणजे ज्याची होडी त्याचीच शर्यत असे होणार नाही. खारफुटी तोडून किंवा कोळ्यांच्या जाळ्यांवर आक्रमण करून काही करायचे नाही, हे उघड आहे. होड्यांचा मार्ग पाचूबंदर आणि नायगावच्या मच्छीमार संस्थांना विचारूनच आखावा आणि मासेमारीच्या होडीला नेहमी वाट द्यावी. शिक्षक म्हणून त्याच संस्थांतले तांडेल मानधनावर घेतले, तर खेळाला स्थानिक बोली मिळेल आणि कोळीवाड्यातल्या मुलीही पाहुण्या म्हणून नव्हे, यजमान म्हणून येतील.

साधने अगदीच नाहीत असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये वाहने नेणारी रोरो फेरी सुरू झाली, तिच्यासाठी किल्ल्याजवळ धक्का झाला. ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ चा भाग आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याच जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाविषयी मच्छीमारांच्या तक्रारी गंभीर आहेत आणि त्या अशा एखाद्या क्लबाने मिटणार नाहीत. पण ज्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एवढी रक्कम ओतली जाणार आहे, त्या जिल्ह्यातल्या मुलींसाठी दहा लहान होड्या निघू शकत नाहीत, असे म्हणणे कोणाही मंत्र्याला जड जाईल. धक्का मेरीटाइम बोर्डाचा, काठ महसूल खात्याचा, शहर महापालिकेचे आणि खेळ क्रीडा खात्याचा. चार कचेऱ्यांतून एक कागद फिरायचा आहे. नारळी पौर्णिमेला कोळी आपल्या होड्या पाण्यात लोटतात आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी खारा वारा स्थिर होतो. कागद तोपर्यंत फिरून आला, तर पहिला हंगाम हाती लागेल. नाही तर होड्यांच्या निविदा मे महिन्यात निघतील आणि पहिल्या पावसात त्या उघड्यावर भिजत पडतील.